नुसत्या पाण्याची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. पोटाला पोचा आलेला, दांडा सुतळीने बांधलेला आणि शिट्टी जरा घोगरी. आता मला कसली हौस राहिलेली नाही. पण विषय निघालाच आहे, तर सांगतो.

कारखान्यात ठोकून-घासून तयार झालो आणि एका शिंप्याच्या घरी आलो. त्या घरात स्वयंपाक बाबांकडे होता, कारण आई दवाखान्यात नर्स आणि तिच्या पाळ्यांचा काही भरवसा नसे. बाबा बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन चालवत आणि कान माझ्याकडे ठेवत. मशीनच्या खडखडाटातही माझी एक शिट्टी त्यांच्याकडून सुटली नाही. "आमचा कुकर मोठा गुणाचा," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. पुढे चकचकीत नवा कुकर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मग लेकीला दूरच्या शहरात, चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. बाबा तिला लाडाने ठमी म्हणत. तिला एकटं पाठवायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. शेवटी त्यांनी अट घातली, "जेवणाची आबाळ झालेली कळली, तर तडक येऊन घेऊन जाईन." नवा कुकर घराला हवा होता, म्हणून मला धूळ झटकून तिच्या सामानात कोंबलं.

खोली एवढीशी. खिडकीखाली शेगडी, तिला लागूनच गादी. ठमीला शिजण्याचा अंदाज येईना, म्हणून रोज संध्याकाळी ती फोन लावून माझ्याजवळ ठेवी. तिकडून बाबा ओरडत, "झाल्या तीन! बंद कर गॅस." सुरुवातीचे दिवस मजेत गेले.

पण दिवसभर काउंटरमागे उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडत. आल्यावर ती चपलांसकट गादीवर आडवी होई. तांदूळ धुणं दूरच, पेला विसळायचंही त्राण नसे. बिस्किटं खाऊन ती झोपू लागली. पण शिट्टी तर बाबांना ऐकवायलाच हवी, नाहीतर ते न्यायला आले असते. मग तिने माझ्यात नुसतं पाणी ओतलं आणि मला गॅसवर चढवलं.

मित्रांनो, उपाशीपोटी मी शिट्ट्या दिल्या. "अजून ठणठणीत आहे हो!" असं बाबा कौतुकाने म्हणत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. असे बरेच दिवस गेले. ती थकली आणि मीही थकलो. माझं रबरसुद्धा सुकून कडक झालं.

एका संध्याकाळी फोनच्या पलीकडचा मशीनचा खडखडाट एकदम थांबला.

"ठमे, आज शिट्टी लवकर झाली गं. आणि कोरडी वाटतेय. भाताची शिट्टी जरा फसफसते. आत काय आहे?"

मी ॲल्युमिनियमचा खरा, पण त्या दिवशी पितळ उघडं पडलं ते माझ्यामुळेच.

"पाणी आहे, बाबा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "खूप दमते हो मी. पण मला न्यायला येऊ नका. मला इथेच राहायचंय."

बाबा खाकरून म्हणाले, "अगं, दमलीस तर दमले म्हण. तेवढ्यासाठी कशाला येऊ मी? आधी वाफ जाऊ दे. मग मूठभर तांदूळ धू आणि त्याच पाण्यात टाक. मी बसतो फोन धरून."

ठमी डोळे पुसत उठली. तांदूळ टाकून भिंतीला टेकून बसली. तिकडे मशीन सुरू झालं नाही. मला वेळ लागला, पण शिट्टी आली तीच फसफसत, कडेने पेज उडवत. बाबांनी मोजलं नाही. ठमीनेच तीन मोजल्या आणि उठून गॅस बंद केला.

मित्रांनो, माझं रबर काढून धूत जा, शिट्टीत अडकलेला कण काढत जा, एवढंच मागणं. आणि दमला असाल, तर घरी ते आपल्याच तोंडाने सांगा. माझ्याच्याने खोटं बोलवत नाही.