माझ्यात गारवा उरलेला नाही

मी एक दगड बोलतोय. तळहाताएवढा, चपटा, राखाडी, एका अंगावर सरळ ओरखडे असलेला. मला हलता येत नाही, म्हणून तर ही तगमग.

माझा जन्म इथला नव्हे. दक्षिणेकडच्या समुद्रापल्याड न्यूझीलंड म्हणून मुलूख आहे, तिथला एक कडा फुटला आणि मी खाली हिमनदीत पडलो. ती नदी दिसायला थिजलेली, पण रोज हातभर पुढे सरकायची. तिच्या तळाशी मी खडकावर घासला गेलो. अंगावरचे ओरखडे तेव्हाचे.

मग, सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वी, हवा फिरली. पश्चिमेचे वारे आणखी दक्षिणेला सरकले, समुद्र कोमटला. उत्तरेच्या देशांतलं पुष्कळ बर्फ अजून जागेवर होतं. आमचं मात्र माणसांच्या चाळीसेक पिढ्यांत मागे हटत वर डोंगरात गेलं. त्याच्या जागी एक लांबट तळं उरलं आणि काठावर मी उघडा पडलो. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्यातली थंडी संपली.

हे गेनबाला कुणी सांगितलं नाही.

कुरुळीचा गेनबा जर्मनच्या मोठ्या लढाईनंतर काही वर्षं बोटीवर कोळसा ओढत होता. उतारूंमधल्या एका गोऱ्या मास्तराची पेटी त्याने वाहिली, तेव्हा त्या तळ्याकाठून मला उचलून आणलेल्या मास्तराने बक्षीस म्हणून मला त्याच्या हातावर ठेवलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘‘हजारों साल बर्फ में था.’’ गेनबाला वाटलं, बर्फ अजून आत आहे.

गावी आल्यावर त्याने मला पाण्याच्या रांजणाखाली ओलीत ठेवलं. साहजिकच मी गार लागायचो. गावचे लोक हात लावून जायचे. ‘‘बर्फाचा दगड हाय, राव!’’ मला तो मान आवडला. आज त्याचीच लाज वाटते.

कारण गेनबाची बायको गवराबाई सहा दिवसांची बाळंतीण आहे आणि परवापासून तापाने फणफणली आहे.

‘‘चाकणला दवाखान्यात नेऊ का?’’ गेनबाने आईला विचारलं.

‘‘बारा दिस झाल्याबिगर बाळंतीण उंबऱ्याभायर न्हाई,’’ कुशाबाई म्हणाली. ‘‘तुजा दगड कशाला हाय मग?’’

गेनबाने मला रांजणात बुचकळून गवराच्या कपाळावर ठेवलं. ती ‘हुश्श’ म्हणाली. सासूचा चेहरा उजळला. ते पाण्याचं काम होतं, बायांनो! घटकाभरात मी तिच्याइतकाच तापलो. पुन्हा बुडवलं, पुन्हा तापलो. दोन दिवस हेच. मी ओरडत होतो, पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

आज सकाळी शेजारची सोजराबाई आली. गवराचा हात धरताच तिने चटका बसल्यागत सोडला. मग आपल्या घरून मसाल्याचा वरवंटा आणला, रांजणात बुडवला आणि गवराच्या तळव्याला टेकवला.

‘‘कसं वाटतंय गं?’’

‘‘गार,’’ गवरा पुटपुटली.

‘‘ऐकलंस, गेनबा? माझा वरवंटा कुटं इलायतेला गेलता? कुरुळीच्या वड्यातला धोंडा हाय त्यो!’’

‘‘सोजरे, बाळंतिणीच्या खोलीत तोंड सांभाळ,’’ कुशाबाई कडाडली.

‘‘बारा दिस मोजायला ती उरंल का, आत्ती?’’

गेनबाने मला उचललं. मी कढत होतो. दुसऱ्या हातात वरवंटा घेतला. तोही कोमट झालेला. त्याने दोन्ही खाली ठेवले आणि बैल जुंपायला गेला. सोजराबाईने गवराला वाकळेत गुंडाळून गाडीत निजवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गवराचे ओठ काळे पडले होते. बाळाचा विषय काढला, तरी तिने डोळे उघडले नाहीत.

ऊन डोक्यावर आलं आहे. गाडी चाकणला पोचली की नाही, मला ठाऊक नाही. दोन दिवस माझ्यापायी गेले, एवढं ठाऊक आहे.

घरात आता कुशाबाई, ते सहा दिवसांचं पोर आणि मी. कुशाबाईने मला पाटावर मांडलं आहे. ‘‘देवा, माझी सून परत दे,’’ असं म्हणत ती मला कुंकू लावते आहे, आणि मागे पोर रडून रडून निळं पडत चाललं आहे.

म्हातारे, मी देव नाही. माझ्याजवळ काही नाही. मला ठेव खाली, आणि त्याला घे.