पलीकडे कोणीच नव्हतं

खडकी स्टेशनसमोरच्या पिवळ्या बूथमधला जुना टेलिफोन आहे मी. मित्रांनो, लोकांचं बोलणं पोचवण्यात माझा जन्म गेला. पण एक न झालेलं बोलणं मला अजून छळतं.

कारखान्यात घडलो आणि अपंगांना रोजगार देणाऱ्या एका योजनेतून ललिताताईंच्या हाती आलो. पोलिओनं त्यांचे पाय लहानपणीच अधू केलेले. सकाळी तीनचाकी सायकलवरून येत, पदरानं मला पुसत, की मी उजळून निघे. बाळंतपणाच्या बातम्या, नोकरीचे निरोप, नव्या नवरीचे हुंदके, सगळं माझ्या तारेतून वाहिलं. मग खिशाखिशांत मोबाइल वाजू लागले आणि मी मुका होत गेलो. ताईंची चूल आता अपंग पेन्शनवरच पेटत होती.

एक दिवस कळलं, योजनेची पाहणी करायला साहेब येणार. शेजारी सायकली दुरुस्त करणारे गेनबा घाबरले.

"रिकामा बूथ दिसला की काढून घेतात म्हणे! ताई, तुम्ही नुसत्या बसा. गर्दीचं मी बघतो."

साहेब आले तेव्हा दारात नऊ माणसं उभी. गेनबा माझ्यात ओरडत होते, "हॅलो, सोलापूर? अहो, म्हैस व्याली का?"

पलीकडे कोणीच नव्हतं. कॉल मोजणारं मीटर शून्यावर. साहेबांनी माणसं मोजली. मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"झकास चाललंय की तुमचं! रोज अशीच रांग?"

ताईंनी गेनबांकडे पाहिलं. "हो साहेब. अशीच."

"वा! म्हणजे तुमच्या पेन्शनचा खर्च वाचला. योजनेमुळे सरकारचे असे किती पैसे वाचतात, तेच लिहून द्यायचंय मला."

रांग गारठली. गेनबांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. ताईंचे ओठ हलले. खरं सांगावं तर बूथ जाणार, गप्प राहावं तर पेन्शन. साहेबांनी वहीत खूण केली आणि ते पुढच्या बूथकडे निघालेसुद्धा.

दोन महिन्यांत पेन्शन थांबली. कागदावर ताई स्वावलंबी झाल्या. अजून रोज येतात, मला पुसतात.  पण हल्ली डबा आणत नाहीत.

मित्रांनो, उद्या मोठे होऊन तुम्ही कुणी अशा मोजणीला निघालात, तर न कळवता या. भर दुपारी, बूथ ओस असताना या. आणि माणसं मोजून झाली, की एकदा मला उचलून कानाला लावा.