चाळीसची चिठ्ठी

“चाळीस,” मुकादमाने वाचले आणि चिठ्ठी उलटी करून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हते.

पावडरच्या रिकाम्या डब्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. आधीच्या दहा वाचून झाल्या होत्या: पाच, सहा, साडेपाच, पुन्हा सहा, सात, अशाच सगळ्या. त्यांतली सर्वांत मोठी आठची. हे आकडे हजारांचे, आणि विकायची वस्तू म्हणजे आमच्या ड्रायव्हरची मोटारसायकल. ड्रायव्हरला जाऊन तेवीस दिवस झाले होते. त्याची बायको, आम्हा सगळ्यांची वहिनी, इस्त्रीच्या रोलरशेजारी स्टुलावर बसली होती, तिच्यामागे तिचा दीर उभा होता, आणि आम्ही धुलाईखान्यातले सगळे चहाचे कप धरून भोवती उभे होतो.

“चार असेल,” बॉयलरवाला म्हणाला. “शून्य चुकून पडलं असेल.”

“चाळीसच आहे. अक्षरातही लिहिलंय. कोणाची ही?”

कपडे मोजणाऱ्या नीटरावांनी हात वर केला.

ही आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली जुनी रीत. कोणी वारले किंवा निवृत्त झाले की त्याच्या घरची विकायची वस्तू आधी आमच्यात फिरते. प्रत्येकाने एक आकडा लिहायचा, नाव घालायचे नाही. ज्याचा आकडा मोठा त्याने हात वर करायचा आणि वस्तू न्यायची. नवरा गेलेल्या बाईसमोर कोणी टायर दाबून बघू नये, घासाघीस करू नये, म्हणून आधीच्या लोकांनी ती घालून दिली होती. आम्ही तिची पार वाट लावली होती. बॉयलरवाल्याने दोन दिवस आधीच सगळ्यांना गाठून सांगितले होते, “मी आठ लिहितोय. तुम्ही खालचं काहीही लिहा. शनिवारचं खाणं माझ्याकडून.” मी सहा लिहिले. मला मोटारसायकल नको होती, खाणे हवे होते.

नीटरावांना मात्र हे कोणी सांगितलेच नाही. ज्या माणसाला सायकलसुद्धा येत नाही तो मोटारसायकलवर बोली कशाला लावेल, असा आमचा समज. खरे म्हणजे त्यांना काही सांगायची, विचारायची सवयच कोणाला नव्हती. छप्पन्न वर्षांचा एकटा माणूस, बहिणीच्या घरामागच्या खोलीत राहणारा. दिवसभर वॉर्डांतून आलेले कपडे मोजायचे, फाटके वेगळे काढायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “नीट, नीट” म्हणत राहायचे. गाठोडे नीट धरा, झाकण नीट लावा. त्यावरून त्यांचे हे नाव पडले. खरे नाव पगाराच्या दिवशी तेवढे ऐकू यायचे.

त्यांचा जगात एकच मित्र, तो म्हणजे कपड्यांची व्हॅन चालवणारा ड्रायव्हर. ड्रायव्हरने अकरा वर्षांपूर्वी कोरी मोटारसायकल घेतली तेव्हा त्याचे आठ महिन्यांचे पगार त्यात गेले. तेव्हा आम्ही त्याला महिनाभर सोलून काढले होते. मुकादमाच्या मते गाडीवर तीन पगारांच्या वर घालणे हा वेडेपणा. बॉयलरवाल्याच्या मते बायको रुसणार नाही इतकेच घालावेत. ड्रायव्हरची बायको तर पंधरा दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. गाडीवर किती पैसे घालावेत याबद्दल आमच्याकडे प्रत्येकाचे मत होते, गाडी फक्त ड्रायव्हरकडे होती. एकट्या नीटरावांनी मत दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या मागच्या सीटवर बसून कामावर येऊ लागले. मांडीवर कापडी पिशवी, एक हात ड्रायव्हरच्या खांद्यावर, आणि प्रत्येक वळणाला त्याच्या कानात “नीट”. ड्रायव्हर म्हणायचा, “मी हिला एकटा चालवलं तर ती वळायचीच नाही.”

सकाळी ते हॉस्पिटलने ड्रायव्हरला गावाबाहेर दिलेल्या क्वार्टरपर्यंत चालत यायचे आणि ड्रायव्हरचे आवरेपर्यंत दाराबाहेर उभे राहायचे. आतून चहाला बोलावणे यायचे. ते चहा बाहेरच घ्यायचे.

तर अशा माणसाने हात वर केला, आणि आमच्या शनिवारच्या खाण्यावर पाणी पडले. त्याचा मला राग आला, हे आता लपवत नाही. शिवाय चाळीसचा आकडा कुठून आला हे मला नेमके ठाऊक होते. ड्रायव्हर गेल्यामुळे क्वार्टर महिन्याअखेर सोडायचे होते. वहिनीने एक खोली पाहून ठेवली होती आणि तिची अनामत चाळीस हजार होती. हे वहिनीने मला एकटीला पायरीवर बसून, डोळे पुसत सांगितले होते. मी ते दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितले. नीटरावही तिथे होते, फाटक्या चादरी मोजत.

“नीटराव,” मी म्हणाले, “गाडी घेताय की खोली?”

सगळे हसले. मी असे काही बोलले की लोक हसतात, आणि ते हसले की मला बरे वाटते. तेव्हाही वाटले.

वहिनीच्या दिराने आमच्या तोंडांकडे पाहिले. “कसली खोली?”

मी गप्प झाले. पण बॉयलरवाल्याची आठ हजारांची गाडी हातून निघाली होती, तो कसला गप्प बसतोय.

“वहिनींना अनामतीला चाळीसच लागतात ना,” तो म्हणाला. “बरोबर तेवढेच लिहिलेत. काळजी आहे बिचाऱ्यांना.”

“तुम्हाला गाडी येते का चालवता?” दिराने नीटरावांना विचारले.

“नाही.”

“मग काय करणार तिचं?”

नीटरावांनी विचार केला. “शिकेन.”

“अकरा वर्षं मागे बसले,” मागून कोणीतरी म्हणाले, “आता पुढे बसायचंय त्यांना. ड्रायव्हरच्या जागी.”

या वेळचे हसणे वेगळे होते. सगळ्यांना एकदम काहीतरी समजल्यासारखे झाले, आणि खरे काय ते कोणालाच समजले नव्हते. नीटरावांनी नेहमीप्रमाणे तोंडावर हात धरला. त्यांचे पुढचे चार दात तीन वर्षांपूर्वी पडले होते. ते बसवायला म्हणून ते पैसे साठवत होते, आणि तेच हे चाळीस हजार होते. पण हे आम्हाला फार नंतर त्यांच्या बहिणीकडून कळले. ती भाऊ वेडा झाला म्हणून सांगायला आली होती.

वहिनी स्टुलावरून उठली.

“गाडीची खरी किंमत काय आहे?” तिने विचारले.

“वीस,” नीटराव म्हणाले. “गॅरेजवाल्याला विचारून आलो मी. अठरा ते वीस म्हणाला. टाकी एका बाजूने चेपलीय, नाहीतर अजून आले असते.”

बॉयलरवाला चहाच्या कपात बघू लागला. आम्हीही आपापल्या कपात बघू लागलो.

“मग वीस का नाही लिहिले?”

“तुम्हाला चाळीस लागणार होते.”

“मला काय लागतं ते मी सांगितलं होतं तुम्हाला?”

इथे त्यांना फक्त माझ्याकडे बोट दाखवायचे होते. ही सगळ्यांना सांगत होती, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिलेसुद्धा नाही.

“नाही,” ते म्हणाले.

“चिठ्ठीवर नाव नसतं,” ते पुढे म्हणाले. “मला वाटलं, कोणी विचारणार नाही.”

“हात वर करावा लागतो,” मुकादम म्हणाला.

“हो. ते ध्यानात आलं नाही.”

वहिनी त्यांच्याकडे वळली. “अकरा वर्षं दारात उभे राहायचात. हे कितीदा आत या म्हणायचे, तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत. मी लोकांना सांगायचे, माणूस असावा तर असा. आता हेच लोक मला काय म्हणतील? दारात कशासाठी उभा होता म्हणतील.”

“वहिनी, तसं नाही.”

“मला माहितीय तसं नाही. म्हणून काय होतं?”

“मग वीस घ्या. रास्त किंमत आहे.”

“वीस लिहिले असते तर हात जोडून घेतले असते,” वहिनी म्हणाली. तेवढे बोलून ती पुन्हा स्टुलावर बसली.

दीर पुढे आला. “यांचा एक पैसा आता आमच्या घरात यायचा नाही. त्याच्या खालची चिठ्ठी कितीची?”

“आठ,” मुकादम म्हणाला.

वीस ही रास्त किंमत सगळ्यांच्या कानांवर पडली होती. मुकादमाच्या, माझ्या, दिराच्या, वहिनीच्या. तरीही कोणी ब्र काढला नाही. बॉयलरवाल्याने खिशातून आठ हजार काढले, मुकादमाने ते वहिनीच्या हातात दिले आणि तिने ते न मोजता पर्समध्ये ठेवले. वीसची गाडी तिने आठला दिली. बाकीचे बारा तिने स्वतःच्या नावासाठी टाकले, आणि तिला ते टाकायला लावणारी मी होते. अनामतीची बातमी घरमालकाकडून फुटली आणि मी नुसती गंमत केली, असे तिने धरले असावे. निघताना ती माझ्याजवळ थांबली, माझा हात दाबून म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून धीर आला.” मी मान हलवली. शनिवारी मी पोटभर खाल्ले.

खोली अर्थातच हातची गेली. वहिनी दिराकडे राहायला गेली, जिन्याखालच्या जागेत. बॉयलरवाल्याने महिनाभर मोटारसायकल फिरवली. नीटराव आता घरापासून चालत येत, पावणेदोन तास लागत. फाटकाशी त्यांना गाठून तो हॉर्न वाजवायचा आणि मागच्या सीटवर थाप मारून म्हणायचा, “बसा ना, तुमचीच जागा आहे.” ते बाजूला होऊन त्याला वाट देत. पुढे त्याने गाडी बावीसला विकली आणि सगळ्यांना पुन्हा एकदा खाऊ घातले.

एकदा कपड्यांच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणाले, “नीटराव, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं.”

ते मोजत होते. त्यांनी आधी मोजणी संपवली.

“तुमचं काही नाही, ताई,” ते म्हणाले. “आकडाच जास्त झाला. पंचवीस चालले असते बहुतेक. पंचवीसपर्यंत कोणी काही बोललं नसतं.”

त्यांनी त्यावर बराच विचार केलेला दिसत होता. मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवू शकले असते.

तीन महिन्यांनी वहिनी रोजंदारीवर आमच्याकडेच लागली. दिराने आता घरखर्च मागायला सुरुवात केली होती. मुकादमाने तिला घडीच्या टेबलावर घातले. फाटके मोजून झाले की दुपारभर नीटरावांचे कामही तिथेच असते. ऑपरेशनच्या टेबलावरच्या चादरी फार मोठ्या असतात, त्यांची घडी दोघांनी घालायची असते. एकाने दोन टोके धरायची, दुसऱ्याने दोन, मग चालत एकमेकांजवळ यायचे आणि टोके एकाच्या हातात द्यायची. मुकादमाने दोघांना समोरासमोर उभे केले. वहिनीने चादरीचे टोक उचललेच नाही.

“मी एकटी घालते,” ती म्हणाली.

तेव्हापासून त्या टेबलाच्या एका बाजूला ती एकटी घडी घालते आणि दुसऱ्या बाजूला ते. एकट्याने घालताना चादर जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेली चादर परत धुवायला टाकावी लागते. मुकादम दोघांनाही बोलतो. दोघेही ऐकून घेतात.

परवा नीटरावांच्या चार चादरी परत गेल्या. पाचवी त्यांनी उचलली तेव्हा मला राहवले नाही. मी रोलर बंद करून गेले आणि समोरची दोन टोके हातात घेतली.

त्यांनी आधी टेबलाच्या पलीकडे पाहिले. वहिनी मान खाली घालून घडी घालत होती. दारात बॉयलरवाला उभा होता.

“राहू द्या, ताई,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही नका धरू. लोक बघतायत.”

मी टोके सोडली. त्यांनी चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबून धरला, दोन्ही हात जातील तितके लांब केले, आणि खालची कड जमिनीला लागू नये म्हणून टाचा उचलून उभे राहिले.