कारभारी आणि तारेने बांधलेले कपाट

सन दोन हजार एकच्या जून महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, लातूर शहरातील खासगी शिकवण्यांच्या एका गल्लीत, गुरुपादप्पा सरांच्या कचेरीत, शिल्पा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीपुढे एक कोरा कागद ठेवण्यात आला. त्यावर तिने दोन ओळींचा माफीनामा लिहायचा होता. त्या वेळी कचेरीत पाच माणसे आणि दोन मांजरे हजर होती.

मांजरे शिवकांताबाईंची. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर याच इमारतीचा वरचा मजला भाड्याने घेऊन अकरा मुलींची राहण्या-जेवणाची सोय पाहत होत्या. फाटक्या डाव्या कानाचा, रुंद तोंडाचा पिवळा बोका म्हणजे कारभारी, आणि तीन रंगांचे तुकडे जोडल्यासारखी दिसणारी ती चिंधी. गेल्या दिवाळीत त्या मुलींपैकी मुग्धाचे हरवलेले कानातले पाण्याच्या टाकीमागून चिंधीनेच उकरून काढले, आणि दूधवाला दुधात पाणी घालतो हे कारभारीने वाटीकडे पाठ फिरवून सर्वांत आधी जाहीर केले, अशी त्या दोघांची गल्लीत कीर्ती होती. बाई या कीर्तीत स्वतः भर घालीत नसत. मात्र कोणी ती खोडून काढू लागल्यास वाद घालण्यास त्या सदैव तयार असत.

आज वाद त्यांनी मागितला नव्हता. तो आदल्या दिवशीच दारात येऊन उभा राहिला होता.

सरांकडे दर रविवारी चाचणी होई. प्रश्नपत्रिकांच्या चौघडी घड्या शुक्रवारी पाकिटात घालून, पाकीट बंद करून, कचेरीतल्या लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात ठेवण्याची पद्धत होती. या रविवारी सकाळी सरांनी कपाट उघडले, तर पाकिटाचे तोंड उघडे होते आणि एक प्रश्नपत्रिका कमी होती. सर कोणाला काही बोलले नाहीत. चाचणी तशीच घेतली आणि निकालाची वाट पाहिली. ज्याची उडी अकल्पित, तो चोर, असा त्यांचा हिशेब. सोमवारी फलकावर यादी लागली. गेल्या खेपेस शहात्तराव्या क्रमांकावर असलेली शिल्पा तिसरी आली होती. त्यातच शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तिला एकटीला कचेरीतून बाहेर पडताना शिपाई संगप्पाने पाहिले होते, आणि कपाटाची किल्ली तर खिळ्यालाच टांगलेली असे. सरांनी मुखेडजवळच्या तिच्या गावी निरोप धाडला. तिचे वडील शेषेराव पहाटेची एसटी धरून आले.

"मी शनिवारी कारभारीला न्यायला आलते," शिल्पा म्हणाली. हे ती कालपासून चौथ्यांदा सांगत होती. "दुपारपासून ह्या कपाटापुढं बसलता. दुधालाबी येईना."

"म्हणजे साक्षीदार बोका," सर म्हणाले. "बाई, तुमच्या सीआयडीला विचारा, आणखी काही आठवतं का."

"विचारते," शिवकांताबाई म्हणाल्या. "त्याचं उत्तर तुमच्या अनुमानापेक्षा बरं असेल."

सरांनी ऐकले न ऐकलेसे केले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. गावाकडच्या मुलामुलींना त्यांनी डॉक्टरीच्या वाटेला लावले होते, आणि आपल्या क्लासचे नाव त्यांना जिवापेक्षा प्यारे होते. आता त्यांचा आवाज मऊ झाला. "शेषेराव, मला पोरीचं वाटोळं करायचं नाही. तिनं दोन ओळी लिहून द्याव्यात. चूक झाली, पुन्हा होणार नाही. कागद माझ्याजवळ राहील, ती क्लासमध्ये राहील. नाही लिहिलं तर आजच नाव कमी करतो."

शेषेराव टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनी लेकीकडे पाहिले. "लिहून दे की माय. दोन ओळीनं काय हुतंय? सर चांगले हायत म्हणून एवढ्यावर सोडून राहिले."

"न्हाई लिहिणार."

"अगं, वर्ष जाईल."

"जाऊ द्या बाबा. मी केलंच न्हाई तर लिहू काय? उद्या डॉक्टर झाले तरी तो कागद ह्यांच्या खणात असंल."

तिने कागद उचलला नाही, फाडला नाही. बोटाने सरकवून तो टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेला. शिवकांताबाईंनी छत्तीस वर्षे वर्गात अनेक हुशार मुली पाहिल्या होत्या. ताठ मान त्यांतल्या थोड्यांचीच होती.

"सर," बाई म्हणाल्या, "तुम्ही चोर कसा शोधलात ते मला नीट समजू द्या. पाकीट उघडं दिसलं, आणि मग जी मुलगी हुशार निघाली ती चोर. या न्यायानं तुमच्या क्लासमध्ये शिकून कोणी सुधारूच नये. ही दहावीपर्यंत मराठीत शिकली. इथं आल्यावर प्रश्नातला इंग्रजी शब्दच तिला कळत नसे. उत्तर येत असूनही कागद कोरा राही. दीड महिना रोज पहाटे पाचला मी तिच्याकडून शब्दांची वही करून घेतली आहे. नऊशे शब्द झाले. वही वर आहे, मागवू?"

"वही कोणीही लिहील. पाकीट उघडलं कोणी?"

"ते पाकीट दाखवा."

सरांनी पुरावा म्हणून जपलेले पाकीट खणातून काढले. बाईंनी चष्मा पुसला आणि ते खिडकीच्या उजेडात धरले. पाकिटाला आडवी-उभी बांधलेली सुतळी जशीच्या तशी होती. तिची गाठही सुटलेली नव्हती. तोंडाची घडी मात्र पार कुरतडल्यासारखी झाली होती, आणि तीही नेमकी चिकटवलेल्या पट्टीपुरती. तेवढ्या फटीतून एखादी घडी ओढून काढता आली असती.

"संगप्पा," बाईंनी विचारले, "हे लाखेनं बंद केलेलं दिसत नाही."

संगप्पाने मान खाली घातली. दर शुक्रवारी लाख लावायची, हा सरांचा कडक नियम होता. "लाख सरली होती, अक्का. सर बोलतील म्हणून…"

"म्हणून शुक्रवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातून वाटीभर मैदा नेलास."

"हाव. खळ केली. दाट झाली म्हणून लई लावली."

सर संगप्पाकडे वळले, पण बाईंनी त्यांना बोलू दिले नाही. त्यांचे लक्ष आता पाकिटावरही नव्हते. त्या मांजरांकडे पाहत होत्या. कारभारी कपाटाच्या डाव्या पायाशी, पुढचे पंजे पोटाखाली घेऊन, अंगावरचा केसही न हलवता बसला होता. चिंधी दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावरून कपाट आणि भिंत यांच्यातल्या वीतभर फटीत डोकावत होती. उंदराला दोन वाटा असल्या की ही दोघे अशीच बसत. वरच्या कोठीत बाईंनी हे शंभरदा पाहिले होते. आज मंगळवार. बोका शनिवारपासून इथे येऊन बसत होता, आणि माणसे कालपासून मुलींच्या पेट्या उचकटत होती.

"कपाट पुढं घ्या," बाई म्हणाल्या.

संगप्पाने सरांकडे पाहिले.

ते कपाट मागच्या भिंतीतल्या खिडकीच्या गजांना तारेने बांधलेले होते. जाड तारेचे आठ वेढे. त्र्याण्णव सालच्या किल्लारी भूकंपाच्या पहाटे सरांच्या औसा तालुक्यातील घरात हेच कपाट त्यांच्या थोरल्या भावावर कोसळले होते. भाऊ गेला, कपाटाला पोचाही आला नाही. सर ते लातूरला घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ते गजांना जखडले. तेव्हापासून दर वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भूकंपाच्या तिथीला, ते पक्कड घेऊन येत आणि तारेचा पीळ घट्ट करीत. त्या वेळी कचेरीत कोणी थांबत नसे. साडेसात वर्षांत कपाटामागे झाडूही गेला नव्हता.

"ती तार सुटणार नाही," सर म्हणाले.

"का?"

"बाई, तुम्हाला कारण माहीत आहे."

"माहीत आहे. माझंही घर त्याच पहाटे पडलं. अजून मी दाराला आतून कडी लावत नाही; अकरा मुली मला हसतात. तुमच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या भीतीची किंमत या मुलीनं का द्यावी?"

"आणि मागं काही निघालं नाही तर?"

"तर मी वरचा मजला सोडते. मांजरांसकट."

"तुमच्या अकरा मुली माझ्या क्लासमुळं आहेत, हे विसरू नका."

"विसरले नाही. म्हणूनच पैज त्याची लावली."

सर उठले नाहीत. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला, पुन्हा पुसला. तेव्हा शेषेराव खुर्चीवरून उठले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, कपाटाच्या कडेला गेले आणि त्याला खांदा लावून पाय रोवले.

"सर, तुम्ही तार सोडा. मी धरतो. पडलं तर आधी माझ्यावर पडंल."

"बाबा," शिल्पा म्हणाली.

"तू गप. मघाशी मी तुला लिही म्हणलो. ते चुकलं माझं."

गुरुपादप्पा सरांनी त्या खांद्याकडे पाहिले. मग त्यांनी टेबलाच्या खणातून पक्कड काढली. एकेक वेढा उलगडताना गंजाची पूड खाली सांडत होती. आठवा वेढा सुटला तेव्हा त्यांचा हात क्षणभर कपाटावरच राहिला. कपाट पडले नाही. शेषेरावांनी आणि संगप्पाने मिळून ते हातभर पुढे ओढले.

मागच्या पत्र्याला खालच्या कोपऱ्यात गंजाने मुठीएवढे भोक पडले होते. त्याच्याच पलीकडे, भिंतीच्या खाचेत, कागदाच्या बारीक पट्ट्यांचे गोल घरटे होते. त्यातून एक साधा करडा उंदीर उसळून खिडकीकडे पळाला, चिंधीला पाहून वळला, आणि मग कारभारीने तीन दिवसांचे काम एका झेपेत संपवले. तो उंदीर तोंडात धरून, कोणाकडेही न पाहता, जिन्याने वर निघून गेला.

बाई खाली वाकल्या. घरट्याच्या वरच्या थरात एक तुकडा अजून शाबूत होता. त्यावर छापील अक्षरांत चाचणीचा क्रमांक, रविवारची तारीख आणि पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग होता. कडेला वाळलेली खळ चिकटलेली होती. त्यांनी तो तुकडा सरांच्या हातात दिला. सरांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. प्रश्न त्यांनीच काढला होता.

"माझी चूक झाली," ते अखेर म्हणाले. "विषय संपला. शिल्पा, जा, वर्गात बस."

शिल्पा जागची हलली नाही.

"सर, काल सगळ्या वर्गाला कळलं मी चोर हाय. आज एवढ्या चौघांनाच कळलं मी चोर न्हाई."

सरांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी मदत केली नाही. टेबलाच्या कडेवर कोरा कागद तसाच पडला होता. बाईंनी तो उचलून सरांच्या पुढ्यात ठेवला आणि त्याच्यावर पेन ठेवले.

"दोन ओळी," त्या म्हणाल्या. "त्यानं काय होतं?"

सरांचे तोंड लाल झाले. त्यांनी वर पाहिले, तर शेषेराव अजून कपाटाला खांदा लावून उभे होते. आता धरण्याची गरज नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सर खाली बसले आणि त्यांनी लिहिले. मग कागद घेऊन ते स्वतः बाहेर गेले. अकराच्या तासासाठी एकशे वीस मुले फलकाभोवती जमली होती. ती बाजूला सरली. सरांनी कागद निकालाच्या यादीशेजारी टाचणीने लावला, आणि मागच्या मुलांना वाचता येणार नाही हे ध्यानात येऊन तो मोठ्याने वाचला.

"चोरी झालेली नाही, पेपर उंदरानं नेला. शिल्पाचा तिसरा क्रमांक तिचा स्वतःचा आहे."