नाव सांगा, मग येतो

मित्रांनो, मी एक जुना सरकता जिना आहे. ‘जुना’ म्हटल्यावर तुम्ही हसाल, कारण आमची नागपूरची मेट्रोच मुळी कालपरवाची. पण वय काय फक्त वर्षांनी मोजायचे असते? सकाळी कुलूप उघडल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत मी एकच चढ चढतो आहे आणि अजून कुठेही पोहोचलेलो नाही. माझ्या पायऱ्या वर जातात, पोटातून खाली येतात, पुन्हा वर जातात. मी थकलो आहे, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. साखळ्या, दातेरी पायऱ्या, रबरी कठडा असा सुटा सुटा मी ट्रकमधून आलो. मेट्रोचे दोन मार्ग जिथे एकमेकांना भेटतात, त्या मोठ्या स्टेशनात मला बसवले. सुरुवातीला माझे कौतुक विचारू नका. लकडगंजचे दत्तोपंत नावाचे एक व्यापारी नातवंडांना घेऊन आले, सात वेळा माझ्यावरून वर गेले, सात वेळा साध्या जिन्याने खाली उतरले आणि गाडीत न बसताच घरी गेले. तेव्हा मला वाटायचे, मेट्रो माझ्यासाठीच बांधली आहे.

मग लोकांना माझी सवय झाली. आता सगळे मोबाइलमध्ये डोके घालून चढतात. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन त्याची प्लास्टिकची पन्नी माझ्या दातांत खुपसतो. कोणाचे तरी लाडके लेकरू लाल बटण दाबते, मी जागच्या जागी थांबतो आणि वर शिव्याही मलाच बसतात. दिवसभर नीट चाललो तर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. तेही चालले असते. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्यामुळे एक म्हातारा माणूस हरवला, आणि तेव्हापासून माझा थकवा काही जात नाही.

उमरेडचे नत्थूजी आणि त्यांच्या पत्नी रंभाबाई. दोघेही सत्तरीच्या आसपासचे. एसटीने नागपूरला आले होते आणि मेट्रोने मनीषनगरला भाच्याकडे निघाले होते. नत्थूजींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. समोर माणूस आहे की खांब, एवढेच त्यांना कळायचे. भाच्याचा पत्ता, डोळ्यांत टाकायचे औषध, दोन्ही तिकिटे, सगळे रंभाबाईंच्या थैलीत. मोबाइल घाईत घरी चार्जिंगलाच राहिला होता आणि भाच्याचा नंबर त्या मोबाइलमध्ये होता.

नवखा माणूस मी पावलांवरून ओळखतो. तो माझ्यापुढे थबकतो, पाय उचलतो, परत घेतो. नत्थूजींना दिसत नव्हते म्हणूनच की काय, भीतीही वाटली नाही. त्यांनी पाय ठेवला आणि वर निघाले. रंभाबाईंनी लुगडे सावरून पाऊल टाकले, तेवढ्यात सपाट पायरीची उभी पायरी झाली आणि त्यांनी घाबरून पाय मागे घेतला. मागची माणसे त्यांना वळसा घालून चढू लागली. “अवो! अवो!” अशी त्यांनी हाक मारली. माझ्यावर उभ्या असलेल्या चार-पाच नवऱ्यांनी वळून पाहिले. नत्थूजींनी काही पाहिले नाही.

मला त्या क्षणी थांबायचे होते, मित्रांनो. पण थांबणे माझ्या हातात कुठे? मी त्यांना वर नेऊन सोडले. वर गाडी लागलेलीच होती. रंभाबाई मागेच आहेत असे समजून नत्थूजी गाडीकडे वळले आणि एका भल्या माणसाने हात धरून त्यांना आत चढवले, बसायला जागाही करून दिली. दार लागले. रंभाबाई साध्या जिन्याने धापा टाकत वर पोहोचल्या, तेव्हा फलाट रिकामा होता.

माझ्या पायथ्याशी पायल नावाची एक तरुण सुरक्षारक्षक उभी असते. परत खाली आलेल्या रंभाबाईंना तिने बाकावर बसवले, पाणी दिले आणि वायरलेसवर पुढच्या सगळ्या स्टेशनांना कळवले. अर्ध्या तासाने निरोप आला. काळ्या चष्म्याचे आजोबा शेवटच्या स्टेशनवर सापडले होते, पण बाकावरून उठायला तयार नव्हते. म्हणत होते, “माझं नाव सांगा, मंग येतो.”

रंभाबाईंनी कपाळावर हात मारला. ही शिकवण त्यांचीच होती. निघताना त्यांनी नवऱ्याला दहादा बजावले होते की, डोळ्यांनी दिसत नाही, शहरात कोणीही हात धरेल. जो तुमचे नाव सांगेल त्याच्याच बरोबर जा.

“मंग नाव सांगा न काकू, मी लगेच कळवते,” पायल म्हणाली.

रंभाबाईंनी नुसते आडनाव सांगितले. तिकडून उत्तर आले की, आजोबा म्हणतात, या आडनावाचे अर्धे उमरेड आहे. रंभाबाई वाट पाहत आहेत, असा निरोप पाठवला. त्यावर आजोबांचे म्हणणे की, मीच गाडीभर ‘रंभा, रंभा’ करत आलो, ते नाव तर सगळ्या डब्याने ऐकले असेल. म्हातारा पक्का होता. बायकोचा शब्द त्याने अक्षरशः पाळला होता.

“काकू, नाव काहून नाही सांगत?”

“घेतलं नाही वं कधी,” रंभाबाई खाली मान घालून म्हणाल्या. “लगनात उखाण्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते, माय सांगे. आता चार दिवस झाले डोळ्याले चिरा देऊन. अन् मी नाव घेऊ?”

पायल हसली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. नाव कागदावर लिहून द्या, असे तिने सुचवून पाहिले. रंभाबाई म्हणाल्या, लिहिणे काय आणि बोलणे काय, एकच. मग उखाण्यात तरी घेते म्हणून त्यांनी दोनदा सुरुवात केली. पण पन्नास वर्षांपूर्वीचा उखाणा काही आठवेना. समोरच्या घड्याळात एक वाजला. औषधाची वेळ झाली होती आणि बाटली त्यांच्या मांडीवरच्या थैलीत होती. त्या एकदा थैलीकडे बघत, एकदा माझ्याकडे. ती नजर मला सोसली नाही.

शेवटी पायल त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली आणि म्हणाली, “काकू, ते तिथं एकटेच बसून राहिले आहेत.”

रंभाबाईंनी वायरलेससाठी हात पुढे केला. पायलने बटण दाबून धरले. त्यांनी डोळे मिटले, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, “नत्थूजी.” मग एकदा श्वास घेऊन, “मी रंभा होय. त्या लोकाइसंगं वापस या.”

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटले, लागले नाही बहुतेक. मग नत्थूजींचा जाडा, थकलेला आवाज आला, “तुले माझं नाव येते?”

रंभाबाई पदरात तोंड लपवून रडू लागल्या. पायलने वायरलेस खाली ठेवला आणि उगाचच माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मला डोळे नाहीत म्हणून, नाहीतर माझीही गत तीच होती.

अर्ध्या-पाऊण तासाने एक कर्मचारी नत्थूजींना हाताला धरून घेऊन आला. रंभाबाईंनी आधी त्यांना बाकावर बसवले, मान मागे करायला लावली आणि डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले. मग त्या दोघांनी पुन्हा माझ्यापुढे येऊन पाय उचलला. या वेळी एका पायरीवर दोघे, हातात हात. पायल एक पायरी खाली उभी. मी आयुष्यात इतक्या सांभाळून कोणाला वर नेले नव्हते. अर्धा चढ झाल्यावर नत्थूजी हळूच म्हणाले, “आणखी एकडाव घे न.” रंभाबाईंनी त्यांना कोपर मारले.

मित्रांनो, माझ्या दातांत पन्न्या खुपसू नका, माझे लाल बटण खेळ म्हणून दाबू नका, हे तर मी सांगेनच. पण या थकल्या जिन्याची खरी विनवणी वेगळी आहे. मी वर नेतो, मागे कोणी राहिले तरी मला थांबता येत नाही. माझ्यावर पाय ठेवण्याआधी तुम्ही एकदा वळून बघा. आणि मागे आपले कोणी राहिले असेल, तर त्याला नावाने हाक मारा.