चौकटीतला मुलगा

सरांनी कागदाची लांब पट्टी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली, एकदा दुमडली, पुन्हा एकदा दुमडली आणि पहिल्या रांगेतल्या बाईंच्या हातात ठेवली.

"आणि मग," आवाज उतरवत ते म्हणाले, "सात महिने ज्याने वर्गात तोंड उघडलं नव्हतं, तो घुम्या त्या पट्टीकडे बघत हळूच म्हणाला, 'सर, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो.' मी काही शिकवलं नव्हतं. फक्त पट्टी त्याच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरलो."

मागच्या रांगेतून "वा!" आलं, पाठोपाठ टाळ्या. सरांनी पाण्याचा एक घोट घेतला. तो कुठे घ्यायचा हेही वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

शिक्षकांच्या पाच दिवसांच्या सक्तीच्या प्रशिक्षणात 'मूल कसं शिकतं' हा विषय सरांकडे असे. कुठल्याही प्रश्नाला त्यांच्या पोतडीत उदाहरण तयार, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'उदाहरणसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. पोतडीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात राबवलेलं उदाहरण म्हणजे घुम्या. तरुणपणी सर जेमतेम एक वर्ष शाळेत शिकवायला होते, तेव्हाचा. बक्षिसाने वर्तन घडतं असं पुस्तकात होतं, तोवर घुम्या दर बरोबर उत्तराला एक रंगीत खडू मिळवून अपूर्णांक शिकला. मग मुलं एकमेकांकडून शिकतात यावर भर आला. त्या चार वर्षांत त्याला शेजारच्या बाकावरच्या मुलीने समजावलं. पुढे वारं आणखी फिरलं, मूल आपलं ज्ञान आपणच रचतं असं ठरलं. मुलगी गेली, पट्टी आली. उपपत्त्या आल्या नि गेल्या, घुम्या मात्र दर वेळी पास. आता तर तो प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत छापून आला होता: प्रकरण चौथे, करड्या चौकटीत. शेवटच्या दिवसाच्या चाचणीत त्याच्यावर पाच गुणांचा प्रश्नही असे.

अगदी पहिल्या वर्षी सर खरी हकीगत सांगायला गेले होते. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे असे पडले की सरांनी ऐन वेळी त्या मुलाच्या तोंडी एक उत्तर घातलं. एकच. चेहरे उजळले. दिलेलं उत्तर नंतर काढून घेता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसं वाटलंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत सर व्हरांड्यात हात पुसत उभे असताना तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ समोर आला. खांद्यांनी रुंद, बोटांवर जुन्या कापल्याच्या खुणा, हातात पुस्तिका.

"सर, एक मिनिट आहे?"

"बोला ना. कुठल्या शाळेचे?"

"तांत्रिक शाळेत सुतारकाम शिकवतो. आम्हाला हे उपपत्ती वगैरे नवीनच. पोराचा हात धरून करवत दोनदा ओढून दाखवली की झालं आमचं शिकवणं." तो हसला. "सर, ओळखलं नाहीत?"

ओळख असली तरी चालेल आणि नसली तरी खपेल, असं एक हसू शिक्षकांना येतं. सरांनी ते काढलं.

"मी घुम्या."

सरांच्या मनात सगळ्यात आधी काय यावं? तर चौकटीत याचं वय चुकीचं छापलंय.

"सकाळपासून घाम फुटलाय मला," सुतारमास्तर म्हणाला. "चाळीस माणसं माझ्या नावानं टाळ्या वाजवतायत आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही! पट्टी नाही, दुमडणं नाही."

"बरीच वर्षं झाली."

"तेहतीस. मला आठवतं ते वेगळंच, सर. तुम्ही विचारलं होतं, तिसरा भाग मोठा की चौथा. मी म्हणालो, चौथा. आम्ही चार भावंडं. चौघांना पुरायचं म्हणजे मोठाच हवा, असं काहीतरी डोक्यात. मग तुम्ही मला पुढे उभं करून सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलंत, 'घुम्याचा चौथा मोठा, घुम्याचा चौथा मोठा.' घंटा होईपर्यंत. आणि घुम्या हे नावही तुम्हीच ठेवलंत, असं मी धरून चाललो होतो." आपल्याच वेडेपणावर हसावं तशी त्याने मान हलवली. "माणूस काय काय मनात घेऊन बसतो बघा! त्यानंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. काकाच्या हाताखाली रंधा मारला, मोठेपणी तांत्रिक शाळेत घुसलो, तिथेच चिकटलो. आणि बायकोला, मुलीला सांगत आलो की सरांनी हिणवलं म्हणून शाळा सुटली. आज बघतो तर पुस्तकात भलतंच. छापलेलं. माफी मागायला आलोय, सर."

इथे एक 'नाही' पुरला असता. मुलाचं चुकीचं उत्तरही त्याच्या घरातून, त्याच्या अनुभवातून आलेलं असतं आणि शिक्षकाने आधी ते ऐकायचं असतं, यावर सरांचं दीड तासाचं व्याख्यान होतं. उद्या सकाळी, पहिलंच.

"अहो, माफी कसली," सर म्हणाले. "लहान होता तुम्ही."

"मग सही द्या इथे, चौकटीखाली. मुलीला दाखवतो. लाडात आली की 'ढ बाबा' म्हणते मला. म्हणावं, बघ."

सरांनी खिशातून पेन काढलं. सही करताना हात जराही कापला नाही, ही गोष्ट त्यांना पुढे फार दिवस खुपणार होती. सहीखाली त्यांनी तारीखसुद्धा घातली.

सुतारमास्तराने पानाचा फोटो काढला. "ताईला पाठवतो आधी. तिनं तर कहरच केलाय. म्हणते, माझी शाळा सुटल्यावर ती तीन दिवस शाळेच्या फाटकाशी उभी होती. तुम्हाला भेटून सांगणार होती, की सर, त्याला परत बोलवा. पण म्हणे तुमची नि तिची चुकामूक झाली. आता सांगा, एवढंसं ते फाटक, तीन तीन दिवस कुणाची चुकामूक होते का? काहीही!"

सरांना ती मुलगी दिसली. चौदा वर्षांची असेल. पायांत आईच्या असाव्यात इतक्या मोठ्या चपला, आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेताना पाय उचलला जाई, चपला जागेवरच राहत. तेहतीस वर्षांत सरांनी तिला एकाही उदाहरणात घेतलं नव्हतं.

फोन लागला होता.

"ताई, बघितलास फोटो? अगं, वाच की नीट! … नाही, चुकतेयस तू. … सर स्वतः शेजारी उभे आहेत, सही केलीय त्यांनी, खोटं कशाला सांगतील? … नव्हतीस गं तू तीन दिवस उभी. कुठेतरी दुसरीकडे थांबली असशील आणि धरून बसलीस मनात. माझंही तसंच झालं ना!" आवाज मायेचा होता, तापात बडबडणाऱ्याची समजूत घालावी तसा. "सोडून दे आता. ऐक माझं. सोड."



"मला द्या जरा," सर म्हणाले.

"ताई, सर बोलतायत हं तुझ्याशी!" त्याने फोन शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

सरांनी तो घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग तेही पळणंच आहे हे ध्यानात येऊन पुन्हा वळले.

"ताई," ते म्हणाले. ती त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असणार. "तुम्ही फाटकाशी होता. तीनही दिवस. मला दिसत होता तुम्ही."

सुतारमास्तर अजून हसतच होता. हसू आवरायचं असतं हे त्याच्या चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं.

"मी मागच्या दारानं जात होतो," सर म्हणाले. "आणि पट्टी वगैरे काही नव्हतं. तो सांगतो तेच झालं होतं."

पलीकडे शिलाई मशीन चालू होती, ती थांबली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. आवाजात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "फाटकातून मागचं दार दिसायचं. मला वाटलं, एक दिवस तरी पुढून याल. चौथ्या दिवशी घरच्यांनी पाठवलं नाही मला."

सरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"त्याला मात्र हे कधी बोलले नाही मी," ती आवाज खाली आणत म्हणाली. "रोज रात्री विचारायचा, सर काय म्हणाले? काय सांगायचं लेकराला? की तुला टाळून गेले? म्हणून म्हटलं, चुकामूक झाली. तेवढं एक त्याच्यापाशी राहू दिलं होतं. भेट झाली असती तर सरांनी बोलावलं असतं, असं."

सभागृहाच्या दारातून कुणीतरी हाक मारली, "सर, सगळे बसलेत!"

सुतारमास्तर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने पुस्तिका पुन्हा उघडली होती आणि चौकटीतल्या ओळी पहिल्यापासून वाचत होता, एकेका शब्दाखाली बोट धरून, नुकतंच वाचायला शिकलेलं मूल वाचतं तसा.

"सर," ती म्हणाली, "आत्ता बोललात ते त्यानं ऐकलं का?"

"हो," सर म्हणाले.