डाव्या बॉक्समधली गाडी

मी डावा. नाव म्हणाल तर एवढंच. उंची माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर, अंग सागवानाचं, पोटात सावरीचा कापूस, समोर आठ इंची काळा स्पीकर आणि त्याच्या डोक्यावर बारीक आवाजांसाठी एक छोटा चंदेरी. माझ्यासारखाच एक उजवा आहे. आम्ही दोघे मिळून एक गाणं वाजवतो. आज आम्ही चंद्रपूरला, रामाळा तलावाजवळच्या एका खोलीत गप्प बसून आहोत आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. का, ते सांगतो. सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही.

त्र्याण्णव साली अश्विनच्या घरामागच्या अंगणात मी जन्मलो. अश्विन तेव्हा कॉलेजात होता आणि त्याचा मित्र हेमराज आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकत होता. अश्विनचे वडील हरिदासभाऊ लाकूड डेपोत कामाला होते. लिलावात कोणी हात न लावलेल्या फळ्या त्यांनी रीतसर घरी आणल्या. नागपूरहून स्पीकर आणून देणारा दुकानदार बजावत होता, बॉक्सला प्लायवूड लावा, साग स्वतःच गुणगुणतो, गाण्यात मिसळतो. पण चंद्रपूरची पोरं सागवान सोडून प्लायवूड घेतील होय! लावला साग. आणि मी गुणगुणलो. प्रत्येक गाण्यात माझाही एक सूर निघू लागला. शेवटी हेमराजने सावरीची बोंडं फोडून माझ्या पोटात कापूस ठासला, तेव्हा कुठे मी दुसऱ्याचं गाणं मुकाट्याने वाजवायला शिकलो.

अँप्लिफायरही हेमराजनेच जोडला. सगळं झाल्यावर दोघांनी एक विचित्र नियम केला. अँप्लिफायर आणि मी अश्विनकडे राहायचं, उजव्याने हेमराजकडे. "भांडलो तरी आयकाले एकत्र याच लागन," हेमराज म्हणाला होता. दर रविवारी सकाळी तो उजव्याला सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणायचा. त्या वेळी मला जे वाटायचं, त्याला माणसांच्या भाषेत काय म्हणतात ठाऊक नाही. सहा दिवस अर्ध्या तोंडाने बोलायचं आणि सातव्या दिवशी पूर्ण.

रविवारची मंडळी छंदी होती. टायरच्या दुकानवाल्याचा पिंटू यायचा, आणखी दोघे-चौघे यायचे. कधी अश्विनकडे, कधी पिंटूकडे. पिंटूची सिस्टम विकतची होती, गाण्याबरोबर नाचणारे हिरवे-लाल दिवे असलेली.

"तुह्या सिस्टमले लाईट जास्त अन् आवाज कमी," हेमराज त्याला म्हणायचा. "दिवाईत दाराले टांग."

"अन् तुह्या सिस्टमले तं वाळवी लागन बे, लाकूडतोड्या!"

दुसरं वेड गाड्यांचं. अश्विनच्या खोलीच्या भिंती मासिकांतून कापलेल्या गाड्यांनी भरल्या होत्या. लाल फेरारी, पिवळी पोर्शे, जमिनीला पोट घासणाऱ्या, दोनच माणसांच्या. त्यातली एकही त्यांनी खरी पाहिली नव्हती. मूल गावाच्या रस्त्यावर असली गाडी आली तर पहिल्याच खड्ड्यात बसेल, हे त्यांना कळत होतं. तरी तास-तास भांडायचे, कोणाचं इंजिन मागे असतं आणि कोणाचं मध्ये. गाडी नव्हती, पण तिचा आवाज होता. सिस्टम तपासायच्या एका कॅसेटमध्ये शर्यतीची गाडी डावीकडून येऊन उजवीकडे निघून जायची.

त्यावर त्यांचा खेळ ठरलेला. आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये एक खुर्ची ठेवायची. बसणाऱ्याने डोळे मिटायचे आणि गाडी जाईल तसं बोट फिरवायचं. बोट जितकं सरळ फिरेल तितकी सिस्टम चांगली आणि कानही चांगला. पहिला मान हेमराजचा. त्याच्यासारखा कान कोणाचाच नव्हता. वायरचा एक धागा सुटला असेल तरी तो ऐकून सांगायचा.

आता माझं दुःख ऐका. ती गाडी माझ्यात सुरू व्हायची. गुरगुरायची, उसळायची, माझं अंग थरथरवायची आणि ऐन भरात आली की उजव्याकडे निघून जायची. दर रविवारी, दर वेळी. ती पोचते कुठे, मला कधी कळलं नाही. मी सुरुवातच करत राहिलो.

खोलीच्या दाराला लागून स्वयंपाकघर होतं. तिथे अश्विनची बहीण खुशबू असायची. ती बी.एस्सी. करत होती, तरी रविवारी सकाळी चहा तिच्याच वाट्याला. अश्विन समतेवर भाषणं द्यायचा, गॅदरिंगमध्ये टाळ्या घ्यायचा आणि घरी येऊन "खुशे, चार कप" म्हणायचा. हे माझ्या लक्षात यायचं. पण बॉक्सला विचारतो कोण?

आयटीआय झाल्यावर हेमराजला एका ठेकेदाराच्या गिट्टीखदानीत काम लागलं. वायरचा हात चांगला म्हणून सुरुंगाच्या वायरी जोडायचं काम. दगडात भोकं पाडायची, दारू भरायची, वायरी जोडून लांब जायचं आणि बटण दाबायचं. वडील सोमाजीभाऊ तलावातली मासोळी धरून विकायचे. घर आता हेमराजच्या कामावर होतं. शहाण्णवच्या उन्हाळ्यात एके दिवशी एक भोक उशिरा फुटलं. हेमराज उजवा खांदा तिकडे करून वळला होता. जखम झाली नाही. फक्त त्या दिवसापासून उजव्या कानात काहीच येईना.

हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. सांगितलं असतं तर ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. हेमराज तसाच कामावर जात राहिला आणि तसाच रविवारी येत राहिला. खुर्चीवर बसायचा, डोळे मिटायचा आणि बोट फिरवायचा. गाडी त्याला ऐकू यायची, पण ती कुठून कुठे जाते ते एका कानाला कळत नाही. दिशा त्याला पाठ होती. बोट इतकं सरळ फिरायचं, की मंडळी म्हणायची, "वा बे, कानसेन!"

मग दिवाळीआधी अश्विनच्या घराला चुना लावला. अँप्लिफायरला आणि मला उचलून बाजूला ठेवलं, पुन्हा जागेवर आणलं. अश्विन घाईचा माणूस. अँप्लिफायरमागे वायरी जोडताना उजव्याच्या जागी माझी लावली आणि माझ्या जागी उजव्याची.

रविवारी हेमराज खुर्चीवर बसला. डोळे मिटले. कॅसेट सुरू झाली, आणि माझ्यात शांतताच. गाडी तिकडे, उजव्यात गुरगुरली. मग आवाज वाढत वाढत खोली ओलांडून आला आणि माझ्यात शिरला! आयुष्यात पहिल्यांदा गाडी माझ्याकडे आली. माझा साग पुन्हा गुणगुणला, कापूस असून गुणगुणला. मी खुशीत वेडा झालो होतो.

आणि समोर हेमराजचं बोट माझ्यापासून निघून उजव्याकडे चाललं होतं. सुरुवातीला ते जरासं अडखळलं. आज आवाज असा हळू का सुरू झाला, असं त्याला वाटलं असणार. मग नेहमीसारखं, एकदम सरळ, उलट्या दिशेला गेलं.

पिंटू फिस्सकन हसला. "अबे, रिव्हर्स टाकला का?"

हेमराजने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला काय झालं ते कळेना. त्याने अश्विनकडे पाहिलं, मग अँप्लिफायरमागच्या वायरींकडे. लाल-काळ्या वायरी त्याच्याइतक्या कोणाला ओळखू येणार? चेहरा उतरला.

"मजाक करून राह्यला ना?" अश्विन म्हणाला.

"नाई."

"मंग?"

"उजवा गेला," हेमराज म्हणाला. "खदानीत. उन्हाळ्यातच."

पिंटूचं हसू तोंडातच राहिलं. अश्विन मात्र उठूनच उभा राहिला. "अन् तू आम्हाले आज सांगतं? सहा महिने झाले! कानाले काही लावाले देते का तो ठेकेदार? नाई ना? उद्याच मोर्चा काढू. कॉलेजची पोरं आणतो. पेपरात देतो. तुह्या नावानं..."

"माह्या नावानं नको."

"काऊन नको? अन्याय हाय हा!"

"अन्याय माह्या कानात झाला, अश्विन. तुले तं झेंडा पायजे. माह्या कानाचा झेंडा नको करू." हेमराज वाकला, उजव्याच्या वायरी सोडल्या. "काम गेलं तं संध्याकाळी माह्या घरी तुहं भाषण शिजवू का?"

उजव्याला कॅरिअरवर बांधून तो गेला. त्या रविवारी चहा कोणी प्यायलाच नाही.

पुढचे कित्येक रविवार रिकामे गेले. अश्विन निरोप पाठवायचा, उत्तर यायचं नाही. तो खोलीत येरझारा घालायचा, मला लावायचा, अर्धं गाणं ऐकायचा आणि चिडून बंद करायचा. मी त्याच्याहून बेचैन. मला उजवा हवा होता, आणि लाज वाटत होती की ज्या क्षणी हेमराज उघडा पडला त्याच क्षणी मी आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद केला.

एकदा अश्विन खुशबूजवळ बोलला. "त्याले आता स्टिरिओ काय कामाचा? एका कानानं काय आयकन तो? आला तरी कसा बसन?"

खुशबू पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "मी कुठून आयकतो, भाऊ?"

"म्हणजे?"

"चार वर्षं झाले. मी या दारातून आयकतो. इथी ना डावं हाय ना उजवं. गाडी कुठी जाते मले आजपर्यंत नाई समजलं. तुमच्या त्या खुर्चीवर कोणं बसवलं मले? पण गाणं तं पूर्ण येते. मले सारे गाणे पाठ हायत." ती पुन्हा लाटायला लागली. "त्याले मोर्चा नोको नेऊ. बॉक्स ने."

अश्विन स्वयंपाकघरात शिरला. मला आठवतं, त्याने आधी तव्यावरची पोळी उलटली. जळालीच होती ती.

त्या रविवारी पिंटू काकाची मारुती घेऊन आला. मला मागच्या सीटवर ठेवलं, अँप्लिफायर आणि टेप अश्विनच्या मांडीवर, खुशबू पुढे. जन्मभर गाड्यांचे आवाज काढले, पण गाडीत बसलो त्या दिवशी पहिल्यांदा. तलावाच्या वळणावर तिने एक खड्डा सोडला नाही. "आपली फेरारी!" पिंटू ओरडत होता. कोणी हसत नव्हतं, तरी तो ओरडत होता. घाबरला की तो असाच बडबडतो.

हेमराज दारात आला. अश्विनने काही भाषण केलं नाही. आत शिरला, मला उजव्याच्या डोक्यावर ठेवलं आणि डाव्या-उजव्याच्या वायरी एकत्र पिळून दोघांना एकच आवाज दिला.

"हे काय करून राह्यला?" हेमराज ओरडला. "अँप्लिफायर जळन! अन् स्टिरिओ मारला तू!"

"मारला," अश्विन म्हणाला. "तूच जोड बरोबर. मले येत नाई."

हेमराज चरफडत खाली बसला. वायरी सोडल्या, झाकण उघडलं, आत एक-दोन तुकडे डाखले. डाख द्यायला लागला की त्याचा राग उतरतो, हे आम्हाला माहीत होतं. मग कॅसेट लावली. खुशबू चटईवर सरळ बसली, कोणी चहा मागितला नाही. सोमाजीभाऊ उंबरठ्यावर जाळं विणत होते. गाडी सुरू झाली, उसळली आणि आम्हा दोघांतही राहिली.

सोमाजीभाऊंनी मान वर केली. "कुठी चालली रे हे गाडी?"

"कुठीच नाई, बाबा," हेमराज म्हणाला. आणि मग, कॅसेट चालू असतानाच, तो आपणहून बोलायला लागला. खदानीतल्या वारलूदादाला दोन्ही कानांनी कमी येतं. लालसू झोपेतही कानात शिट्टी वाजते म्हणतो. कोणी कोणाला सांगत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे. अश्विनने तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, पुन्हा मिटलं.

"मी सांगन त्याईले," हेमराज म्हणाला. "मी. अन् तक्रारीले जाऊ तेव्हा तू मांगं राहशीन."

"राहीन."

त्यानंतर मी हेमराजकडेच राहिलो, आणि तो नागपूरला कान तपासून आला. उजवा परत येणार नाही. वारलूदादा आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. आणि आज सकाळी ते सगळे कामगार कार्यालयात गेलेत. ठेकेदाराने कालच निरोप पाठवला होता, तिकडे गेलात तर इकडे येऊ नका. हेमराजने स्वच्छ शर्ट घातला, माझ्यावरची धूळ पुसली आणि गेला. अश्विन मागे होता. खरोखरच मागे. इतकं कठीण काम त्याने जन्मात केलं नसेल.

आता दुपार कलली. सोमाजीभाऊ तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. काम राहिलं की गेलं, कोणी ऐकून घेतलं की हाकलून दिलं, मला काहीच माहीत नाही. मी लाकूड आहे, उठून बघायला जाऊ शकत नाही. वीजही आता नाही, नाहीतर निदान एखादं गाणं तरी म्हटलं असतं.

तुम्ही तिकडून येत असाल आणि तुम्हाला तो दिसला, उंच, सावळा, मान जराशी उजवीकडे वळवून चालणारा, तर एवढं करा. त्याला मागून हाक मारू नका, तो भलतीकडेच बघेल आणि उगाच ओशाळेल. चार पावलं पुढे जा, त्याच्या डाव्या बाजूने चालायला लागा आणि विचारा, "काय झालं, हेमराजभाऊ?" तो सांगेल. आता तो सांगतो.